डावा तीन, कापू नक्को

रस्ता मी बघत नाही.
माझा रस्ता मांडीवरच्या वहीत असतो,
स्प्रिंगच्या, कोपरे कात्रीनं छाटलेल्या,
म्हणजे हातमोज्यातल्या बोटालाही पान सापडतं.

डावा तीन. लांब. आत दगड. कापू नक्को.
ऐंशी.
उजवा पाच, आवळत चार. फरशीवर धर.

हा नक्को वाजिदचा, दोन क-वाला, धारूरचा.
माझा साधा नको हेल्मेटातल्या खरखरीत विरघळायचा
आणि एकदा त्याला नुसतंच "कापू" ऐकू आलं.
तेव्हाचं मडगार्ड अजून गॅरेजच्या भिंतीला आहे,
पोरं त्यात नट-बोल्ट ठेवतात.
त्या रात्री तो काही बोलला नाही.
सकाळी माझ्या सीटवर टोक केलेली पेन्सिल होती.

परवा आम्ही इथूनच गेलो, तिसाच्या वेगानं.
तपासायला दोनच फेऱ्या मिळतात.
तो सांगत गेला, मी मान खाली घालून लिहीत गेले:
किती वाकडं, किती खोल, मुरूम की खडी,
सीताफळीचं झाड, वळणाच्या आधी.

एरवी मी भूमी अभिलेखात मोजणीला.
दोघा भावांच्या बांधात चार बोटं इकडंतिकडं झाली
तर खटला वीस वर्षं चालतो.
इथं चार बोटं चुकली
तर खटला चालत नाही.

आई विचारते, चालवतो तो, मग तू करतीस काय?
वाचून दाखवते.
पोथी?
हो, पण ऐकणारा एकच,
आणि ओवी गाळली तर दोघं दरीत.
तिनं तवा उतरवला, पुढचं विचारलं नाही.

तो या वळणात असतो तेव्हा
माझं तोंड पुढच्या वळणात,
बोट त्याच्याही पुढच्या ओळीवर.
फक्त कंबर त्याच्याबरोबर.
सीटमधून वर येतो रस्ता, कंबरेला कळतं,
आता उडी झाली,
आता ओढा.

अंजनडोहच्या माळावर हवा पडलेली.
पुढच्या गाडीचा फुफाटा तसाच उभा.
वाजिद म्हणाला, दिसत नाही.
एवढंच म्हणाला. पाय उचलला नाही.
मी आवाज चढवला नाही;
घाबरलेला आवाज हेही एक वळणच, वहीत नसलेलं.
पुढची ओळ माझ्याच अक्षरात होती:
सरळ, दीडशे, डोळे मिटून.
परवा चहा पिताना गंमत म्हणून लिहिलेलं.
मी "डोळे मिटून" गाळलं.
सरळ, म्हटलं. दीडशे.
मग शंभर.
मग पन्नास, आणि माझ्या जिभेवर
चुलीतल्या राखेसारखी माती,
मग उजवा चार, आता,
आणि त्यानं जिथं काहीच नव्हतं तिथं स्टिअरिंग फिरवलं
आणि तिथं रस्ता निघाला.

सातवे आलो.
प्रमाणपत्रावर छापलंय: सहचालक, श्री. अ. घोळवे.
वाजिद दोन दिवस मला श्रीमान म्हणत होता.

सोमवारी मोजणी निघाली, नेमकी अंजनडोहची.
एसटीनं गेले. खिडकी मिळाली.
मांडीवर वही नाही, नकाशाची गुंडाळी,
म्हणून पहिल्यांदाच मान वर.
डोंगर केवढा उघडा आहे इथं.
कुणीतरी उतारावर तीन चादरी वाळत टाकलेल्या.
आणि ते झाड सीताफळीचं नाहीच,
हिवर आहे.
वाजिदला झाडातलं कळत नाही.
पण आहे वळणाच्या आधीच, बरोबर.

डावा तीन, मी पुटपुटले.
काय म्हणलाव? शेजारी कोंबडीच्या पिल्लांचा खोका घेतलेला माणूस.
काही नाही, आत दगड आहे.

ड्रायव्हरनं एका हातानं कान खाजवत
दुसऱ्यानं वळण कापलं.
मागचं चाक दगडावरून चढून उतरलं
आणि खोक्यातली सगळी पिल्लं
एकदमच बोलायला लागली.